तुमचा सीनियर मी

सोलापूर-उस्मानाबाद गाडीत डाव्या बाजूची तिसरी खिडकी ही डॉक्टरसाहेबांची जागा. ऊन असो, पाऊस असो, हातात छत्री आणि खांद्याला खादीची जाड पिशवी. मी मशीन घेऊन जवळ गेलो की ते आधार कार्ड काढून पुढे धरायचे. "साहेब, तुमचं कार्ड मी कशाला बघू?" असं म्हटलं तर म्हणायचे, "मास्तर, नियम आहे. बघा." 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. डॉक्टरसाहेब तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट निघायचं. त्याची घडी घालून ते वरच्या खिशात ठेवायचे आणि तुळजापूर येईपर्यंत डोळे मिटून बसायचे.

एक गुरुवार आड, वर्षभराहून जास्त, ते त्या गाडीत माझ्या मुलीसाठी बसले. ती त्यांची कोणी लागत नाही. जातीची नाही, नात्याची नाही. मी एसटीतला वाहक, ते आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या दवाखान्यातले डॉक्टर, एवढीच ओळख. माझ्या घरावरचं ऋण त्या शून्य रुपयांच्या तिकिटांवर लिहिलेलं आहे, आणि ते मला कुठल्याच वेबिलात भरून देता येत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

मुलीने नीटची परीक्षा दिली ती 17 जुलै 2022 ला. त्याआधीचं वर्ष कसं गेलं ते एसटीच्या कुठल्याही घराला सांगायला नको. संपाचे साडेपाच महिने घरात पगार आला नाही. माझी आई सत्तरीची. तिने विड्या वळणं सोडून चार वर्षं झाली होती. तिने पुन्हा सूप मांडीवर घेतलं. एकाच खोलीत एका भिंतीला आई पानं कातरत बसायची आणि दुसऱ्या भिंतीला नात भौतिकशास्त्राची गणितं सोडवायची. 7 सप्टेंबरला निकाल लागला. गुण चांगले होते, पण सोलापूरच्या मेडिकलला थोडे कमी पडतील असं सगळे म्हणाले. खासगी कॉलेजच्या फीचा आकडा आम्ही एकदा वाचला आणि तो कागद बाजूला ठेवला.

राहिली सरकारी कॉलेजं. त्यात प्रश्न येऊन थांबला तो दोन नावांवर. एक यवतमाळ. 1989 सालचं, जुनं, नाव असलेलं, पण सोलापूरहून रात्रभराचा प्रवास. दुसरं उस्मानाबाद, आताचं धाराशिव. दीड-दोन तासांचा रस्ता, माझ्या रोजच्या पायाखालचा. पण कॉलेज त्याच वर्षी सुरू होणार होतं. शंभर जागा, पहिली बॅच.

ज्यांच्या घरात हे झालेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. फॉर्ममध्ये कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायची असतात. वरचं नाव गुणांत बसलं की तेच मिळतं, खालच्याचा विचार होत नाही. म्हणजे यवतमाळ वर की उस्मानाबाद वर, या एका ओळीच्या फरकावर पोरीची साडेपाच वर्षं ठरणार होती. आणि हा प्रश्न आमच्यापुढे येऊ शकला तोही 2020 साली 70:30 चा प्रादेशिक कोट्याचा नियम गेला म्हणून. त्याआधी उस्मानाबाद मराठवाड्यात आणि आम्ही उर्वरित महाराष्ट्रात. गाडी जिथे दोन तासांत पोचते, तिथल्या सत्तर टक्के जागांवर आमचा हक्कच पोचत नव्हता.

घरात जो येईल तो सल्ला देऊन जायचा. पहिल्या बॅचवर प्रयोग होतात. नव्या कॉलेजात शिकवायला कोणी नसतं. मान्यता गेली तर पोरगी ना इकडची ना तिकडची. माझे मेहुणे म्हणाले, "दाजी, लोक विचारतात कुठून डॉक्टर झाली. नाव सांगता आलं पाहिजे." मला ते पटलं होतं. मी मनातल्या मनात यवतमाळ वर लिहून टाकलं होतं.

आईचा खोकला पुन्हा उसळला म्हणून तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा फॉर्मचा कागद माझ्या खिशात होता. डॉक्टरसाहेबांनी आईची छाती तपासली, औषध लिहिलं, मग माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "मास्तर, तुम्हाला काय झालंय?" मी कागद पुढे केला. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि परत दिला. म्हणाले, "पोरीला घेऊन या. शिकायचं तिला आहे."

त्यांच्या दवाखान्यात भिंतीवर एकच फोटो आहे, डॉ. द्वारकानाथ कोटनीसांचा. सोलापूरच्या माणसाला कोटनीस सांगावे लागत नाहीत. 1938 साली चीनला गेलेले, 9 डिसेंबर 1942 ला तिकडेच वारलेले, आपल्या गावचे. डॉक्टरसाहेबांनी मुलीला विचारलं, "हे कुठे शिकले, माहीत आहे?" तिला माहीत नव्हतं. "मुंबईला, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 सालचं. जी. एस. सुरू झालं 1926 ला. हे तिथे शिकायला गेले तेव्हा त्याला दहा वर्षंही झाली नव्हती. आज जी. एस.ला कोणी नवं म्हणेल का?"

एवढ्यावर त्यांनी थांबवलं असतं तर मला ते भाषण वाटलं असतं. पण मग त्यांनी स्वतःचं सांगितलं, आणि ते मी तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं.

त्यांचे वडील गिरणीत साचेखात्यात. दयानंद कॉलेजातून इंटर सायन्स झालं ते 1963 साली. गुण असे की पुण्याच्या बी. जे.लाही प्रवेश झाला असता. पण पुण्याला राहायचं कुठे, मेसचे पैसे कुठून आणायचे? त्याच वर्षी सोलापुरात डॉ. वैशंपायन यांच्या स्मृतीचं मेडिकल कॉलेज सुरू होत होतं. विद्यापीठ कोल्हापूरचं, शिवाजी विद्यापीठ, तेही जेमतेम वर्षाचं. कॉलेज तर काही दिवसांचं. त्यांनी घरी राहून भाकरी खाऊन जाता येईल असं कॉलेज घेतलं.

"पहिली दोन वर्षं मी रोज पस्तावलो," ते मुलीला म्हणाले. मी चपापलो, मला वाटलं होतं हे नव्या कॉलेजची बाजू घेणार. "आम्हाला सर चांगले होते. पण रात्री अकरा वाजता सर नसतात. रात्री अकरा वाजता सीनियर लागतो. कुठलं पुस्तक घ्यायचं, परीक्षक काय विचारतो, कुठला धडा सोडला तर चालतो, पहिल्यांदा मृतदेहाला सुरी लावली त्या रात्री जेवण का जात नाही, हे सीनियर सांगतो. आमच्या वर कोणीच नव्हतं."

"मग?" मुलीने विचारलं.

"मग तिसऱ्या वर्षी आम्ही सिव्हिलच्या वॉर्डात गेलो."

इथे त्यांचा आवाज बदलला. सिव्हिलला तेव्हाही अक्कलकोट, मैंदर्गी, नळदुर्ग, इंडी, अफझलपूर असे चहूकडचे रोगी यायचे. निम्म्यांना मराठी नीट येत नव्हतं. वॉर्डातल्या एका सिस्टरने त्यांना कानडी आणि तेलुगू शिकवलं. शिकवलं म्हणजे एकच प्रश्न. कानडीत "यल्लि नोवु?" आणि तेलुगूत "एक्कड नोप्पि?" कुठे दुखतंय. तो विचारायचा आणि मग गप्प बसून ऐकायचं. जखम धुणं, पट्टी बांधणं, शीर सापडत नसलेल्या म्हातारीच्या हाताला सुई लावणं, हे सगळं त्या सिस्टरच्या हाताखाली झालं. "पुण्याला माझे मित्र होते. खाटेभोवती आधी सर, मग हाऊसमन, मग मोठे विद्यार्थी, आणि हे चौथ्या रांगेत टाचा उंच करून. मी खाटेला टेकून उभा असायचो, कारण पुढे कोणी नव्हतंच. जे नव्हतं म्हणून रडलो, त्याच्यामुळेच हात बसला."

मुलगी काही बोलली नाही. पण मान्यतेची भीती तिच्याही मनात होती, ती तिने विचारली. त्यांनी सरळ सांगितलं. नव्या कॉलेजला परवानगी वर्षावर्षाने वाढवून मिळते, आणि पहिली बॅच शेवटच्या परीक्षेला बसते तेव्हा पक्क्या मान्यतेची तपासणी होते. पदवी दोन्हीकडे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच. लेखी पेपर यवतमाळच्या मुलीला जो, तोच उस्मानाबादच्या मुलीला. "पण हे ऐकून ठरवू नकोस. मीही ठरवत नाही. मास्तर, तुमची साप्ताहिक सुट्टी कधी?"

कोजागरी होऊन तीन-चार दिवस झाले होते. कोजागरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता चालत जाणाऱ्यांनी भरलेला असतो. त्यांच्यासाठी टाकलेले मांडव अजून काही ठिकाणी उभे होते. पहिल्या गाडीने आम्ही तिघं निघालो. मला वाटत होतं कॉलेजची इमारत बघायची, कोणाला तरी भेटायचं. डॉक्टरसाहेब कॉलेजच्या दिशेला वळलेच नाहीत. ते जिल्हा रुग्णालयात गेले आणि केसपेपरच्या रांगेत उभे राहिले. गुडघा दुखतो म्हणून स्वतःच्या नावाचा केसपेपर काढला. रांग दारातून बाहेर व्हरांड्यापर्यंत होती. त्यांनी पुढच्या-मागच्या माणसांना विचारलं, कुठून आलात, काय होतंय, रात्री कोणाला आणलं तर डॉक्टर असतो का. भूम, कळंब, वाशी, लोहारा, अशी गावं निघत गेली. मग बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिले, तासभर. तिथल्या एका मावशींना विचारलं, "काल रात्री किती झाल्या?" मावशींनी बोटं दाखवली. डॉक्टरसाहेबांनी मुलीकडे बघितलं.

परतताना तुळजापूरच्या स्टँडवर चहा घेताना ते बोलले. "खाटा भरलेल्या आहेत. माणसं लांबून येताहेत. म्हणजे शिकायला आहे. नवी इमारत चकचकीत आणि वॉर्ड रिकामा असं कुठे दिसलं असतं, तर मी तुला इथेच सांगितलं असतं, फॉर्म फाडून टाक. आता उरला प्रश्न सीनियरचा. त्याची सोय होईल."

तिने त्या रात्री स्वतःच्या हाताने क्रम भरला. वर सोलापूर, मग उस्मानाबाद, मग यवतमाळ. मी काही बोललो नाही. माझ्या पोटात गोळा होता. यादी लागली, उस्मानाबाद मिळालं. 15 नोव्हेंबर 2022 ला त्या वर्षाचे वर्ग सुरू झाले.

सीनियरची सोय म्हणजे काय ते आठ दिवसांनी कळलं. डॉक्टरसाहेब घरी आले आणि त्यांनी खादीची ती जाड पिशवी जमिनीवर ठेवली. आत माणसाची हाडं होती. मेडिकलला पहिल्या वर्षी बोन सेट लागतो, आणि तो सीनियरकडून ज्युनियरला मिळत जातो. पहिल्या बॅचला तो कोण देणार? साहेबांनी सोलापुरात ओळखीतून ओळख काढून, दुसऱ्या वर्षाला गेलेल्या एका विद्यार्थ्याकडून मिळवला होता.

आई सूप बाजूला सारून उठली. "काय करलालीस गं, हाडं घरात आणलालीस व्हय?" मुलगी घाबरून डॉक्टरसाहेबांकडे बघायला लागली. त्यांनी मांडीचं हाड काढून आईच्या हातात दिलं. त्याच्या मागच्या बाजूने वरपासून खालपर्यंत एक खरखरीत रेघ असते, तिच्यावरून त्यांनी आईचं बोट फिरवलं. "आजी, इथे स्नायू धरलेले असतात. या माणसाने आयुष्यभर ओझी उचलली असणार, म्हणून रेघ एवढी जाड झालीय." आईने ते हाड दोन्ही हातांत धरलं, बराच वेळ. मग म्हणाली, "कुणाचं तरी माणूस हाय की हे." आणि कपाळाला लावलं. त्या दिवसापासून पिशवी घरी असली की माळ्यावर जायची नाही. देवळीच्या खाली राहायची. मुलगी सुट्टीला घरी आली की आई एवढंच म्हणायची, "जेवताना काढू नको बाय."

आणि मग ते गुरुवार. डॉक्टरसाहेब दुपारच्या गाडीने जायचे, चार वाजता पोचायचे. जिल्हा रुग्णालयाच्या आवारात एका लिंबाखाली बसायचे. पहिल्या दिवशी माझी मुलगी आणि तिच्या टेबलावरच्या दोघी, एवढ्याच होत्या. त्यांनी ओळख करून दिली ती अशी: "तुमच्या वर कोणी नाही म्हणता ना? तुमचा सीनियर मी. बॅच 1963."

पंधरा दिवसांनी सात मुलं झाली, मग अकरा. माझी ड्यूटी त्या फेरीला असली आणि गाडी सुटायला वेळ असला की मी लांबून बघायचो. ते पिशवीचं तोंड दोरीने अर्धं आवळायचे आणि मुलांना डोळे मिटून आत हात घालायला सांगायचे. हाताला येईल ते हाड कुठलं, उजवं की डावं. मनगटात आठ हाडं असतात, एवढीएवढीशी. त्यातलं एक वाटाण्यासारखं. ती बोटांनी चाचपून ओळखायची. नांदेडकडचा एक मुलगा वैतागला, "सर, परीक्षेत डोळे उघडे असतात." साहेब म्हणाले, "परीक्षेत असतात. रात्री दोन वाजता, लाइट गेलेली, समोर अपघाताचा पेशंट, तेव्हा हातानेच बघावं लागतं. हिच्या आजीला विचार. ती टीव्हीकडे बघत विडी वळते आणि एक विडी वाकडी येत नाही." माझी मुलगी तोपर्यंत आजी काय करते हे वर्गात कोणाला सांगत नव्हती. त्या दिवशी ते सगळ्यांना कळलं, आणि तिने मला फोनवर ते सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात मला अभिमान ऐकू आला.

संध्याकाळी सहाच्या गाडीने ते परत यायचे. थकलेले असायचे. तामलवाडीच्या टोलनाक्यावर गाडी थांबली की जागे होऊन विचारायचे, "मास्तर, आपण कुठे?"

मी एकदा एक चांगली चादर, आपली सोलापुरी, घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती घेतली, मला वाईट वाटू दिलं नाही. मग म्हणाले, "सिस्टरला मी एकदा साडी नेली होती, पहिल्या पगारातून. त्या म्हणाल्या, मला नको, पुढच्या बॅचच्या पोरांना शिकव. मी प्रॅक्टिसला लागलो, ते राहून गेलं. पन्नासहून जास्त वर्षं राहून गेलं, मास्तर. तुमच्या पोरीमुळे मला ते फेडता येतंय." मी तिथे उभा होतो आणि मला बोलता येईना. आपण ज्याला आपल्यावरचं ऋण समजत होतो, ते तो माणूस स्वतःची परतफेड म्हणून करत होता.

17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. मुलगी दर महिन्याला घरी यायला लागली. नव्या कॉलेजचं सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. पहिल्या बॅचच्या मुलाला जुन्या कॉलेजातल्या मित्राचा फोन आला की पोटात खड्डा पडतो. तिकडे स्नेहसंमेलनं, तिकडे नोट्सचे गठ्ठे, तिकडे कोणीतरी आधी गेलेलं असतं. तीही रडली आहे. यवतमाळ वर लिहिलं असतं तर, असं तिने एकदा मला विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. डॉक्टरसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "मलाही माहीत नाही. बी. जे.ला गेलो असतो तर काय झालं असतं, हे मला ऐंशीव्या वर्षीही माहीत होणार नाही. तू उद्याची केस लिहून झोप."

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. हिंगोली, जालना, वाशिम, बुलढाणा, गडचिरोली. तेव्हापासून गाडीत आईबाप भेटतात, हातात फॉर्म, तोंडावर माझ्या तेव्हाच्या तोंडासारखाच भाव. मुलगी मेडिकलला आहे कळलं की विचारतात, नवं घ्यावं का? मी सांगतो, आधी तिथल्या सरकारी दवाखान्यात सकाळी नऊ वाजता केसपेपरच्या रांगेत उभे राहा. रांगेतल्या माणसांशी बोला. मग बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर तासभर बसा. इमारत शेवटी बघा.

डॉक्टरसाहेब यंदा ऐंशीचे झाले. मागच्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आता काठी घेऊन घरात चालतात, गाडी चढणं बंद. मुलगी सुट्टीला आली की स्टँडवरून आधी त्यांच्याकडे जाते, बीपी बघते, टाक्यांची जागा बघते, मग घरी येते. मागच्या वेळी ती त्यांच्या एक्स-रेवर कुठलं हाड कुठे मोडलं ते त्यांनाच समजावून सांगत होती, आणि ते, सगळं माहीत असूनही, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते.

हाडांची पिशवी तिने पहिल्या वर्षाची परीक्षा झाल्यावर 2023 च्या बॅचमधल्या एका मुलाला दिली. दोरी तीच, खादी तीच, फक्त आत एक कागद घातला, पुढच्याला द्यायची म्हणून. त्याने ती 2024 च्या बॅचला दिली. सध्या ती उमरग्याच्या एका मुलीकडे आहे.